पडद्याशी भांडणारे मामा

सिनेमा पाहून डोळे दुखणारी माणसे पुष्कळ आहेत, पण सिनेमा पाहून ज्याचे पाय दुखतात असा मनुष्य सारा कुलाबा जिल्हा आणि शेजारचे जंजिरा संस्थान मिळून एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचे मामा. मामांनी बसून पाहिलेला एकही चित्रपट मला आठवत नाही. तिकीट ते खुर्चीचेच काढीत, कारण हलक्या दराच्या तिकिटाने आपल्या मताला वजन राहत नाही असे त्यांना वाटे. पण दिवे मालवून पडद्यावर पहिला माणूस हलला, की मामा उठलेच. मग तंबूच्या कडेकडेने त्यांची फेरी सुरू होई. पडद्याजवळून निघून बाजाची पेटी वाजवणाऱ्याला वळसा, तिथून बायकांच्या कनातीपर्यंत, आणि तिथून परत. खुर्चीवर त्यांची छत्री आणि उपरणे एवढेच चित्र पाहत बसलेले असे. "मामा, बसा हो जरा. भुई झिजेल," असे आमच्या घरून, म्हणजे सौभाग्यवतीकडून, कनातीपलीकडून सांगितले जाई. त्यावर मामा म्हणत, "पोरी, तिकडे पडद्यावर माणसं जिवाच्या आकांतानं पळताहेत, आणि मी बसू?"

मामा आगरदांड्याचे. तिथून पलीकडे दिघीला जाण्यासाठी खाडी ओलांडावी लागते. उतारूंना पलीकडे नेणाऱ्या त्या तरीचा मक्ता त्यांच्याकडे बरीच वर्षे होता. मक्ता सुटल्यावर, मामी आधीच गेलेल्या असल्याने, त्यांना घरात करमेना. दिवाळीनंतर अलिबागेला फिरत्या सिनेमाचा तंबू पडला, की मामा वळकटी घेऊन नागावला आमच्याकडे येत आणि तंबू उठेपर्यंत राहत. बैलगाडीने अलिबाग आम्हांला जवळ. आमची वाडी, आमची गाडी, आमचे बैल. मामांचा फक्त उत्साह. चित्र बदलले की त्यांना जायचेच असे, आणि एकट्याने चित्र पाहिले तर भांडायला कोणी राहत नाही म्हणून मलाही जावे लागे. माझा स्वभाव असा की एकदा पाहिलेले पुन्हा पाहण्यात मला वेळेचा अपव्यय वाटतो. पण मामांच्या संगतीत तेच चित्र दुसऱ्यांदा पाहिले, तर ते निराळेच निघे.

कारण मामांचा प्रत्येक चित्राला एकच सवाल असे: "हे असं घडेल का?" चित्र चांगले की वाईट, नटी सुंदर की कुरूप, हे त्यांच्या गावीही नसे. पटले की नाही, एवढेच. एका चित्रात समुद्रकाठचे गरीब कुटुंब अन्नावाचून तळमळत होते. आई पोराला पोटाशी धरून रडत होती, बायकांच्या बाजूने हुंदके येत होते, पेटीवाल्याने सूर लांबवला होता. एवढ्यात पडद्याजवळून मामांचा आवाज आला, "अहो, मागं चार माड नारळांनी वाकलेत आणि हे उपाशी मरतात? पाडेल्याला हाक मारा कुणीतरी!" नारळ उतरवणारा आमचा पाडेली जमिनीवर बसला होता. तो खरोखरच "ओ" म्हणून उठला. हुंदक्यांचे हसू झाले. मी नंतर लक्ष देऊन पाहिले. माड चार नव्हते, तीन होते, पण नारळ होते ही गोष्ट खरी. दुसऱ्या एका इंग्रजी चित्रात एक साहेब चोरून आगगाडीत चढतो आणि सारा देश ओलांडून जातो. मामा घरी येऊन जेवले नाहीत. "एवढा प्रवास झाला आणि तिकीट बघायला कुणी आलं नाही. असला कारभार असता तर माझ्या तरीवर काय राहिलं असतं?" देवादिकांच्या चित्रांना मात्र ते सूट देत. देव आकाशातून उतरला तरी मामा हरकत घेत नसत. एकदाच म्हणाले, "उतरू दे. पण वारा इकडून आहे आणि शेला तिकडे उडतोय, तेवढं बघायला हवं होतं."

या त्यांच्या बोलण्याचा सर्वांत अधिक त्रास तंबूतल्या मास्तरांना होई. आताच्या मुलांना ठाऊक नसेल, पण तेव्हाची चित्रे मुकी होती. मधूनमधून लिखाणाच्या पाट्या येत, आणि आमच्याकडच्या बहुतेक मंडळींना त्या वाचता येत नसत. म्हणून पडद्याच्या कडेला एका फळकुटावर एक गृहस्थ वेताची छडी घेऊन उभे असत. ते पाट्या वाचीत, कोण कोणाचा कोण ते सांगत, आणि जिथे पाट्या नसत तिथे पदरची भर घालत. हे मास्तर घाटावरचे, मानेवर रुळणारे केस, बारीक अंगकाठी, आवाज मात्र खणखणीत. "पाहा, ही अबला आता काय करील?" असे त्यांनी विचारले, की मामा उत्तर देत. मास्तरांनी पुष्कळदा मालकाकडे तक्रार केली. पण मालकाने मामांना कधी अडवले नाही. माझा अंदाज असा की तंबूतली निदान चौथाई माणसे चित्राइतकीच मामांना ऐकायला येत होती.

पुढे 'खऱ्या गोष्टी'च्या चित्रांची साथ आली. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सत्य घडलेली हकीकत' असे लिहिले की तंबू भरू लागला. एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यावरून घेतलेले असे एक चित्र आले. माझे मत विचाराल तर ते नीटनेटके होते. साक्षीदारांचा क्रम बरोबर, निकाल स्पष्ट. मामांना ते मुळीच मानवले नाही. खोट्या गोष्टीत खोटे सापडले तर मामा ओरडून मोकळे होत. खऱ्या गोष्टीत खोटे सापडले की त्यांचे डोके उठे. "जावईबापू," ते गाडीत मला म्हणाले, "खोटं सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं तर ती करमणूक. पण खरं म्हणून सांगायचं आणि मग वाटेल ते दाखवायचं, हे कोणत्या कलमात बसतं?" मी म्हणालो, कलम मला माहीत नाही.

आणि अशातच ते होडीचे चित्र आले. त्याचे नाव मी देत नाही. काढणारी मुंबईची मंडळी केव्हाच धंदा सोडून गेली. पाटीवर 'कोकणच्या खाडीत घडलेली सत्य हकीकत' असे लिहिले होते. मामा पहिल्या दिवशी एकटेच गेले, कारण मला ताप होता. परत आले ते पायीच, गाडी मागे ठेवून, आणि ओटीवर येरझारा घालू लागले. छत्री तंबूतच विसरली होती.

हकीकत अशी. मामांच्या मक्त्याच्या काळात, आश्विनातल्या एका संध्याकाळी, आगरदांड्याहून दिघीला निघालेला मचवा अवचित उठलेल्या वादळात उलटला होता. निम्म्याहून अधिक माणसे कशीबशी काठाला लागली. मचव्याचे सुकाणू धरणारा तांडेल, धर्मा कोळी, लागला नाही, आणि त्याचे प्रेतही मिळाले नाही. वर्तमानपत्रांत तेव्हा चार ओळी आल्या होत्या. त्या कोणी जपून ठेवल्या असाव्यात. चित्रात गावाचे नाव बदलले होते, पण तांडेलाचे नाव धर्माच ठेवले होते. आणि हा चित्रातला धर्मा दारू पिऊन सुकाणू धरतो, होडी कलली की बायकापोरे टाकून सर्वांत आधी उडी मारतो, आणि शेवटी एकटाच जिवंत काठावर येतो.

"जिवंत येतो, जावईबापू," मामा म्हणाले. "वाळूवर सरपटत येतो, आणि इकडे तिकडे बघून पळून जातो."

मी म्हणालो, "लोक विसरतील. आठवड्यात दुसरे चित्र येईल."

लोक विसरलेही असते. पण तिसऱ्या दिवशी दुपारी धर्माची आई, हिरूबाय, आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. साळावपर्यंत कोणाच्या तरी बैलगाडीत, मग तरीतून रेवदंडा, मग पायी. हातात सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी. मुरुडच्या बाजारात कोणीतरी तिला सांगितले होते की अलिबागेला तुझ्या धर्माचे चित्र आले आहे, खरेखुरे. हलते म्हणे. म्हातारीने घराला कडी घातली आणि निघाली. तिचा समज सरळ होता. देवळात देवाचे चित्र असते ते देवाचे, तसे तंबूत धर्माचे चित्र आहे ते धर्माचे. तो दिसणार. कोणी तरी त्याच्यासारखा सजून येतो हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि आता सांगायचे कोणी?

"शेट," ती मामांना म्हणाली, "तुमी बगितलाव ना त्याला? कसा हाय?"

आमच्या घरून पुढे होऊन म्हातारीला आत नेले, सोडे हाती घेऊन "एवढे कशाला आणलेत हो" असे म्हटले, आणि चहा दिला. इकडे ओटीवर मामांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"तंबू उठला म्हणून सांगा," मी म्हणालो.

"खोटं सांगू?"

"मग खरे सांगा की ते चित्र खोटे आहे."

"ती म्हणेल, दाखव. आणि पाहिल्यावर? पोरगा दारुडा, पळपुटा, एवढं ती सोसेल. पण तो जिवंत वर आलेला पाहिला की म्हातारी उठून त्याला शोधायला निघेल. रोज खाडीवर जाऊन बसेल. आता कुठं बसायची थांबलीय."

आमच्या घरून दाराआडून सांगितले गेले, "मामा, एरवी तंबूत तुमचं तोंड बंद नसतं. आज काय झालं?"

मामा थांबले. एवढा वेळ चालणारा माणूस थांबला की घर रिकामे झाल्यासारखे वाटते.

संध्याकाळी आम्ही सारे गाडीत बसून गेलो. तंबूत शिरण्यापूर्वी मामा मास्तरांना बाजूला घेऊन बोलले. मास्तर नाही नाही अशी मान हलवीत होते. "तुमचं खरं असेल हो, पण मालक मला हाकलून देईल. पाटीवर जे आहे ते मी वाचणार." म्हातारीला आमच्या घरच्यांनी कनातीआड पुढेच बसवले. चित्र उजळ दिसावे म्हणून पडद्यावर पाणी शिंपडले, इंजिन धडधडू लागले, दिवे मालवले.

पहिला भाग सरला. होडी आली. मिशीवाला, जाड मानेचा एक नट सुकाणूपाशी बसला आणि त्याने बाटली तोंडाला लावली. मास्तरांनी छडी उचलली. "पाहा, हा मद्यपी धर्मा—" एवढ्यात मामा फळकुटावर चढले आणि त्यांनी ती छडी मास्तरांच्या हातातून काढून घेतली. मास्तर "अहो, अहो" करू लागले. तोच जमिनीवरच्या बैठकीतून आवाज आला, "मामांना बोलू द्या! रोज मधेच बोलतात, आज पुरतं बोलू द्या!" दुसऱ्याने टाळी वाजवली. मास्तरांनी मालकाकडे पाहिले. मालक तिकिटांच्या टेबलाशी उभा होता, तो तिकिटे मोजत राहिला.

"हा धर्मा तांडेल," मामा म्हणाले. "आगरदांड्याचा. त्याला खोकला झालेला आहे. बाटलीत औषध आहे."

कनातीआडून म्हातारी कडाडली, "कसला खोकला? पियाचा तो! पन होरीवर न्हाय!"

सारा तंबू खो खो हसला. मामा क्षणभर गांगरले, आणि मग त्यांच्या अंगात काही संचारल्यासारखे झाले. "ऐकलंत? आईचं म्हणणं ऐकलंत? होडीवर नाही! म्हणजे बाटलीत पाणी आहे. खाडीचं पाणी खारं, म्हणून तांडेल गोडं पाणी बरोबर ठेवतो. कोण नाही ठेवत?" कोळ्यांच्या घोळक्यातून उत्तर आले, "व्हय, व्हय, ठेवतात!"

पडद्यावरचा धर्मा उठला आणि झोकांड्या खाऊ लागला. "लाट लागली," मामा म्हणाले. "बाकीची माणसं सरळ उभी आहेत, कारण त्यांची होडी मुंबईला जमिनीवर ठेवलेली आहे. ही धर्माची पाण्यात आहे." मग वादळ. मग होडी कलली, बायका हात वर करू लागल्या, आणि त्या नटाने सर्वांच्या आधी उडी टाकली. हीच ती जागा. मी कनातीकडे पाहिले, पण काही दिसत नव्हते.

"उडी टाकली," मामा सावकाश म्हणाले. "दोर दातांत धरून. दोराचं एक टोक होडीला बांधलेलं. तांडेल आधी पाण्यात उतरल्याशिवाय माणसं काठाला ओढायची कशी?"

"दोर दिसत न्हाय," मागून कोणी तरी म्हणाले.

"भिजलेला काथ्या संध्याकाळी दिसतो का तुला? तुझ्या डोळ्यांना दिवसा तरी दिसतो का?"

हशा झाला आणि त्या हशातच होडी बुडाली. पेटीवाला आपण होऊनच हळू वाजवू लागला. शेवटचा तुकडा आला. ओली वाळू, आणि तिच्यावर सरपटत येणारा तोच मिशीवाला. त्याने मान वर केली. मिशी, मान, अंगरखा, सगळे तेच. मामांची छडी हवेत राहिली. मास्तर त्यांच्या बाजूला उभे होते. ते पुढे झुकून मामांच्या कानात काही म्हणाले. काय ते मला कळले नाही. मामांनीही कधी सांगितले नाही.

"हा धर्मा नव्हे," मामा म्हणाले. "हा धर्मानं ओढून काढलेला माणूस. ह्याला काठावर लोटलं आणि धर्मा पुढच्यासाठी मागं फिरला. हा इकडे तिकडे बघतोय ना, तो धर्माला शोधतोय." मिशीवाला उठून पळू लागला. "आणि आता गावात सांगायला चाललाय."

दिवे लागले. फळकुटावरून उतरताना मामांना मास्तरांनी हात दिला.

परतताना गाडीत म्हातारी म्हणाली, "शेट, त्याचा तोंड माज्या पोरासारखा नव्हता."

"नव्हता," मामा म्हणाले.

"मिशी तर कवाच नव्हती त्याला. उगाच लावली." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "किती मानसं काडली वो त्यानं?"

मक्त्याच्या काळात कोणत्या खेपेला किती उतारू होते हे मामा झोपेतही सांगत. "मोजली नाहीत, हिरूबाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिला रेवदंड्याच्या तरीवर पोचवून आल्यावर मी मामांना विचारले. मला कोणतीही गोष्ट अर्धवट ठेवता येत नाही. मी म्हणालो, "दोराचे तुम्ही कधी बोलला नव्हता. खरेच दोर होता?"

मामा वाडीत पोफळींमधून फेऱ्या घालीत होते. ते थांबले नाहीत. "मी धक्क्यावर उभा होतो, जावईबापू. पावसाची सर अशी, की स्वतःचा हात दिसेना. होडीवरचा कंदील दिसत होता. मग तो दिसेना." पुढच्या फेरीला जवळून जाताना म्हणाले, "वाचलेल्यांना मी तेव्हाच विचारलं होतं. प्रत्येकानं आपलं स्वतःचं तेवढं पाहिलं होतं."

त्या वर्षानंतर मामांचे चित्रे पाहणे थोडे बदलले. फिरणे होतेच, उलट वाढले. पण 'हे असं घडेल का' असे ते पूर्वीसारखे मोठ्याने विचारीत नसत. आमच्या घरच्यांना वाटे की मामा थकले. मला तसे वाटत नाही. मास्तर मात्र पुढे रोहा-पेणकडे तंबू गेला तेव्हा ते चित्र दोरासकट सांगत, असे ऐकले.

मग बोलपट आले. मास्तरांची नोकरी गेली आणि पेटीवाल्याचीही. मामांनी एकच बोलपट पाहिला, तो माझ्याबरोबर मुंबईस. कारण तिथल्या पक्क्या थिएटरात फिरायला जागा नव्हती, आणि एकदा तोंड उघडताच चहूकडून "शू" झाले. मध्यंतरात मामा म्हणाले, "चित्र वाईट नाही. पण सगळं त्यांचंच बोलून झालेलं आहे." आणि छत्री उचलून बाहेर पडले.

पुढच्या वर्षी सुपारीच्या कामाने मी दिघीला निघालो होतो. आगरदांड्याच्या धक्क्यावर मामा आणि हिरूबाय बसलेली दिसली. मामा बसलेले पाहून मी आधी घाबरलोच. म्हातारी सांगत होती, "शेट, ता होरीचा चित्र पुन्ना काडलाय म्हनं कोनी तरी. आता त्यात मानसं बोलतात. मंग माजा धर्मा बोलल ना? मना न्या ना मंबयला."

मामा पाण्याकडे पाहत म्हणाले, "त्यात मुंबईचा माणूस बोलतो गं. धर्माचा आवाज कुठून येणार?"

"मंग नको," ती म्हणाली. "मंग तुमीच सांगा."

मामांनी सुरुवात केली. पडदा नाही, पेटी नाही, छडी नाही. धर्मा सकाळी उठला, आईने दिलेली भाकर खाल्ली, होडीत गोडे पाणी भरले, दोर तपासला. म्हातारी मधे मधे दुरुस्ती करीत होती. भाकर नव्हती, पेज होती; बरे, पेज. मी तेथे आहे हे मामांच्या लक्षात आले की नाही, मला सांगता येत नाही. दिघीचा मचवा आला, भरला, मला हाका मारून निघून गेला. मामांची होडी अजून बुडाली नव्हती.